लागत नाही

बाईंना मी आवाजावरून ओळखलं. केस पांढरे झाले होते, अंग सुटलं होतं, डोळ्यांवर जाड चष्मा आला होता. पण "पुढचा नंबर माझाच ना?" हे त्यांनी ज्या आवाजात विचारलं, त्या आवाजाला बाकावरचे तीन पेशंट आपसूक ताठ बसले. मी पडद्यामागे एका आजोबांच्या गुडघ्याला शेक देत होते. माझा हात जागच्या जागी थांबला. आजोबा म्हणाले, "झालं का मॅडम?" मी म्हटलं, "नाही आजोबा, आता कुठे सुरू होतंय."

कामोठ्यातल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. एका बाजूला दहावीचे क्लास, दुसऱ्या बाजूला केकचं दुकान. दुखणारी माणसं माझ्याकडे येतात, मी त्यांना विचारते, "दहापैकी किती?" आणि ती जो आकडा सांगतील तो लिहून घेते. वीस वर्षं हेच करतेय. दुसऱ्याचं दुखणं कुणालाच दिसत नाही. तो सांगतो आणि आपण मानतो, एवढाच काय तो व्यवहार. आणि मानायचं नाही असं एखाद्यानं ठरवलंच, तर त्याच्यापुढे काही चालत नाही. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. हे मला बाईंनी शिकवलं, पाचवीत.

बाई आत आल्या. त्यांचा उजवा खांदा आखडला होता. चार महिने हात वर जात नव्हता. केस विंचरता येत नाहीत, वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही, रात्री कुशीवर वळलं की कळ मस्तकात जाते. पंधरा वर्षं शुगर होती, आणि शुगरवाल्यांचे खांदे असे गोठतात. मी त्यांचं कोपर धरून हात वर न्यायला लागले. छातीच्या उंचीला तो अडकला आणि बाई "स्स" करून डोळे मिटून बसल्या.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? त्याच हातात छडी असायची. तो हात आता फळीवरच्या डब्यापर्यंत पोचत नव्हता, आणि तो पोचवायचा की नाही हे माझ्या हातात होतं.

त्यांनी मला ओळखलं नाही. लग्नानंतर माझं आडनाव बदललंय, अंगात पांढरा कोट, आणि तसंही शेवटच्या बाकावरच्या मुलींचे चेहरे त्यांनी कधी नीट बघितलेच नव्हते. त्या मला "मॅडम" म्हणाल्या. मी त्यांना "काकू" म्हटलं. मनात मात्र अजूनही त्यांना अगं-तुगं करता येत नाही मला. त्याचाही राग आहेच.

माझे वडील मिठागरात कामाला होते. आमच्या गावाच्या खाडीकडच्या अंगाला तेव्हा मिठाचे वाफे होते. आता तिथे खारफुटी माजलीय आणि पलीकडून रस्ता गेलाय. गावातली शाळा चौथीपर्यंतच. पाचवीपासून आम्ही मिठागरवाल्यांची पाच मुलं नव्या पनवेलच्या शाळेत जायला लागलो. वर्गातली बाकीची कॉलनीतली. त्यांचे वडील ऑफिसात जायचे, त्यांच्या डब्यात पोळ्यांची घडी असायची, त्यांच्या वह्यांना खाकी कव्हरं असायची. आम्ही "आमी-तुमी" बोललो की ती तोंडावर हात धरून हसायची. बाई हसत नसत. बाई आमच्याकडे कीव आल्यासारखं बघत.

विज्ञानाच्या तासाला पंचेंद्रियं चालू होती. त्वचेचा धडा होता. बाईंनी कुणाच्या तरी कंपासपेटीतलं कर्कटक मागून घेतलं आणि पहिल्या बाकावरच्या एका मुलीला पुढे बोलावलं. तिला डोळे मिटायला सांगितले आणि दंडावर टोक जेमतेम टेकवलं. ती "आई गं!" करून अशी उडाली की सगळा वर्ग हसला. बाईंनी तिच्या दंडावर फुंकर घातली.

मग त्यांनी मागे बघितलं. "मागची, तू ये गं. डोळे मीट."

मी डोळे मिटले. टोक टेकलं.

"लागलं?"

लागलं होतं. पण समोर चाळीस पोरं होती आणि मी "आई गं" म्हटलं असतं तर त्यांनी महिनाभर तेच म्हणून दाखवलं असतं. माझ्या बापाच्या मुलीला कॉलनीतल्या पोरीसारखं किंचाळायचं नव्हतं. मी म्हटलं, "नाही."

टोक जरा रुतलं. "आता?"

"नाही."

तिसऱ्या वेळी रक्त आलं. मी तेव्हाही नाही म्हटलं. बाई वर्गाकडे वळून म्हणाल्या, "बघितलंत? मिठात राहून राहून यांची कातडी जाड होते. यांना लागत नाही. निसर्गाची सोय असते ती."

निसर्गाची सोय. हे शब्द मला परीक्षेत उत्तर लिहिण्याइतके पाठ आहेत.

त्या दिवसापासून ते सिद्धच झालं. गृहपाठ केला नाही तर कॉलनीच्या मुलांना दोन छड्या आणि आम्हा पाच जणांना चार. यात बाईंना अन्याय वाटत नसे. त्यांच्या लेखी ते बरोबरच होतं. कमी लागतं त्यांना जास्त मारावं लागणारच. मी तरीही रडत नसे, म्हणून त्यांचा हात दर वेळी आणखी वरून यायचा. लागतंय कुठे ते शोधत असल्यासारख्या त्या मारायच्या. बाई दुष्ट असत्या तर मी कधीच विसरले असते. दुष्ट माणसाला निदान ठाऊक असतं की समोरच्याला दुखतंय. बाईंना खरोखरच वाटत नव्हतं.

आणि हे फक्त छडीपुरतं नव्हतं. एकदा त्यांच्या मुलाचा कसलासा चांगला निकाल लागला म्हणून त्यांनी वर्गात पेढे वाटले. पुढच्या बाकांना एकेक पेढा दिला. आमच्यापर्यंत आल्यावर त्यांनी खोक्याचं झाकण लावलं, पर्समधून फुटाण्यांची पुडी काढली आणि प्रत्येकाच्या हातावर मूठमूठ ठेवली. "तुम्हाला हेच आवडतं ना रे?" असं अगदी प्रेमानं विचारलं. खोक्यात पेढे शिल्लक होते, मी बघितले होते. तेव्हा नुसता संताप आला होता. पुढे कळलं की ज्याला दुखतं असं तुम्ही मानत नाही, त्याला गोड लागतं असंही तुम्ही मानत नाही. दोन्ही एकाच वाटेनं जातं. टोचलेलं ज्या कातडीच्या आत पोचत नाही, तिच्या आत पेढा तरी कुठून पोचणार?

आता बाईंच्या बोलण्यातलं अर्धं खरं होतं तेही सांगते. बाबांच्या पायांची कातडी खरंच जाड होती. पावसाळा संपला की वाफ्याचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायचा, मग मे महिन्यापर्यंत खाऱ्या पाण्यात उभं राहून मीठ ओढायचं. त्यांच्या टाचा लाकडासारख्या झाल्या होत्या. शिंपला घुसला तरी त्यांना पत्ता लागत नसे, आणि खाऱ्या पाण्यात चिघळलेली जखम महिना महिना भरत नसे. म्हणून मीठवाल्यांच्या घरी एक रीत होती. संध्याकाळी माणूस घरी आला, पाय धुऊन बसला, की घरातल्या कुणीतरी त्याचे तळवे बघायचे. नुसते डोळ्यांनी नाही, बोट फिरवून. काही सापडलं तर काढायचं आणि वर करंजाचं तेल चोळायचं. आमच्या घरी ते काम माझं.

टाचेवरून बोट फिरवताना बाबांना काही कळत नसे, ते आपले आईशी बोलत बसायचे. पण तळव्याच्या मधल्या खोलगट भागात माझं बोट गेलं की हा सहा फुटी माणूस लहान पोरासारखा खिदळायचा. "सोर गो, सोर!" करून पाय ओढायचा. मला ती जागा माहीत होती आणि मी मुद्दाम तिथेच जायचे. जाड कातडीच्या आत माझा अख्खा बाप जागा होता. हे बाईंना कुणी सांगायचं?

तर अशा बाई माझ्या टेबलावर आडव्या पडल्या होत्या.

आखडलेला खांदा सोडवायचा म्हणजे थोडं दुखवावं लागतंच. किती ते आमचं आम्हाला कळतं. हाताला एक अडसर लागतो, तिथे थांबायचं, जरासं पुढे जायचं, परत यायचं. बाईंच्या बाबतीत मी जरासं नाही, चांगलीच पुढे जात होते. खांद्याला इजा होईल इतकं नाही. तेवढं ज्ञान मी रागातही विसरत नाही. पण जे काम तीन आठवड्यांत हळूहळू करायचं, ते मी तीन दिवसांत करत होते. बाई कळवळायच्या. मी गोड आवाजात म्हणायचे, "सहन करा हं काकू. लागत नाही एवढं."

तिसऱ्या दिवशी त्या रडल्या. पदर तोंडात धरून हुंदके दिले. मला वाटलं होतं, हे बघून माझं पोट भरेल. नाही भरलं. मी इतकी वर्षं ज्याची वाट बघितली होती ते समोर घडत होतं आणि तरी काहीतरी कमी पडत होतं. त्यांना ठाऊकच नव्हतं ना, कोण दुखवतंय आणि कशासाठी. त्या मलाच म्हणाल्या, "तुमचे उपकार आहेत हो मॅडम." माझ्या डोक्यात तिडीक गेली.

पुढच्या सोमवारी त्या आल्या तेव्हा लादीवर मला एक डाग दिसला. दारापासून टेबलापर्यंत पाच-सहा डाग, रुपयाएवढे, तपकिरी. उजव्या पायाचे. खांदा दाखवायला आलेल्या पेशंटचे पाय कुणी बघत नाही. पण मी मीठवाल्याची मुलगी. त्या आडव्या झाल्यावर मी टेबलाच्या पायथ्याशी गेले, उशी सारखी करायच्या निमित्तानं वाकले आणि उजवा तळवा बघितला. अंगठ्याच्या खाली, जिथे चालताना भार पडतो तिथे, एक भोक. कडा पांढऱ्या फुगलेल्या, आतून ओलं. मी तिथे बोट टेकवलं. बाई शेजारणीच्या सुनेविषयी सांगत होत्या. त्या सांगतच राहिल्या.

त्यांना कळलं नव्हतं. शुगरनं पायातली जाणीव गेली होती.

त्या कपडे नीट करेपर्यंत मी दाराशी जाऊन त्यांची चप्पल उचलली आणि उलटी केली. झिजलेल्या तळात एक छोटा खिळा रुतून बसला होता. टोक आतल्या बाजूनं वर आलं होतं. कितीतरी दिवस त्या प्रत्येक पावलाला त्या खिळ्यावर उभ्या राहत होत्या. तो काढायला पक्कड लागली असती, आणि पक्कड माझ्या खणात होती.

मी चप्पल होती तशी खाली ठेवली. जोडीला जोड लावून, नीट.

बाई आल्या, त्यांनी चप्पल पायात घातली आणि "येते हं मॅडम" म्हणून त्या खिळ्यावरून चालत रिक्षापर्यंत गेल्या. मी काचेतून बघत होते. असे पाय पुढे काय होतात ते मला पक्कं ठाऊक आहे. आधी बोट जातं, मग पाऊल, आणि कधी कधी तिथेही थांबत नाही. मी मनात म्हटलं, निसर्गाची सोय.

त्या रात्री मला छान झोप लागली.

मंगळवारी संध्याकाळी बाबांच्या तळव्यांना तेल लावत होते. मिठागर बंद होऊन जमाना झाला, बाबा सत्तरीपुढे गेले, माझ्याकडेच असतात. पण दिवेलागणीला पाय धुऊन खुर्चीवर बसणार आणि मी तळवे बघणार, हे अजून सुरू आहे. त्यांच्याशी मी आजही गावचंच बोलते.

"बाबा, ती बाई माज्याकरं येते. छडीवाली."

बाबांना लगेच कळलं. माझ्या हातांवरचे वळ त्यांनी बघितले होते. एकदा शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन, आपले पाय आणि आपला लेंगा बघून, तसेच परत आले होते.

"बरी हाय काय?" त्यांनी विचारलं.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. खांद्याचं, रडण्याचं, खिळ्याचं. सांगता सांगता मला हसू यायला लागलं. "खिला घुसलाय पायान, न तिला कललाच नाय! आता कोनाची कातडी जाड?"

बाबा हसले नाहीत. "मंग काडलास ना खिला?"

"नाय."

"सांगितलास तरी?"

"नाय सांगितला. चालू दे तिला."

बाबांचा पाय माझ्या मांडीवर होता. त्यांनी तो काढून घेतला. मला वाटलं गुदगुल्या झाल्या असतील, मी पुन्हा हात पुढे केला.

"नको," बाबा म्हणाले.

"तेल लावायचा हाय अजून."

"नको बोललो ना. तू पाय बगून गप बसनारी. तुज्या हातान मी माजा पाय कसा दिऊ?"

ते उठले आणि ओल्या पावलांनी आत गेले. मी तेलाची वाटी हातात धरून बसून राहिले. चिडले त्यांच्यावर. मार मी खाल्लेला, आणि यांना कळवळा त्या बाईचा! पण रात्रभर डोळ्यांसमोर बाई आल्या नाहीत. बाबांचा तो काढून घेतलेला पाय येत राहिला.

बुधवारी बाईंची वेळ संध्याकाळची होती. मी सकाळीच केसपेपरवरचा पत्ता बघून स्कूटर काढली आणि नव्या पनवेलच्या खांदा कॉलनीत त्यांच्या घरी गेले. दया आली म्हणून गेले असं कुणी समजू नये. बाईंना त्यांच्या पायाचं सांगायचं तर होतंच, पण माझंही सांगायचं होतं, आणि ते मी एकाच दमात सांगणार होते.

बाई एकट्याच राहतात. मुलगा परगावी. दार उघडून त्या म्हणाल्या, "अय्या मॅडम, तुम्ही?"

"पाय बघायचेत तुमचे, काकू. बसा. डोळे मिटा. स्पर्श कळला की हो म्हणायचं."

त्या शहाण्या मुलीसारख्या डोळे मिटून बसल्या. मी कापसानं टाच पुसली. बाई गप्प. पिनेचं बोथट टोक अंगठ्यावर टेकवलं, करंगळीवर टेकवलं, बऱ्यापैकी दाबून बघितलं. बाई गप्प. त्यांच्या कपाळावर मात्र आठी पडायला लागली. हो म्हणायची वेळ येऊन जातेय आणि आपल्याला कळत नाहीय, हे त्यांच्या लक्षात येत होतं. मी पिन बाजूला ठेवली आणि हातांची घडी घालून नुसती बसले.

"हो," बाई म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "हो, हे लागलं. चांगलंच लागलं."

मी म्हटलं, "बाई, मी हात लावलाच नव्हता."

त्यांनी डोळे उघडले. इतके दिवस मी काकू म्हणत होते.

"थोडं कमी कळतं एवढंच," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "कळतं मला. अगदीच कळत नाही असं नाही." शाळेत त्यांचा आवाज असा घाबरलेला कधीच ऐकला नव्हता.

"माहितीय," मी म्हटलं. "मीही अशीच खोटं बोलले होते. तुम्ही कर्कटक टोचलं होतं, मी तीनदा नाही म्हटलं होतं. पाचवीत. शेवटच्या बाकावरची, मिठागरवाल्यांची."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा एकदम खुलला. "अगं, तू ती! न रडणारी! अगं, पुढच्या कितीतरी वर्गांना मी तुझं उदाहरण दिलं. म्हणायचे, बघा, एक मुलगी होती, चार छड्या खाऊन हूं की चूं करायची नाही!"

कौतुक! मी खाल्लेल्या माराचं त्यांनी इतकी वर्षं कौतुक केलं होतं. मी उठले, दाराबाहेरची त्यांची चप्पल आणली आणि उलटी करून त्यांच्या मांडीवर ठेवली. धुतलेल्या साडीवर. मग त्यांच्या तळव्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि तो समोर धरला.

"हा कुणाचा पाय?" बाईंनी विचारलं.

"तुमचा."

त्यांनी खिळ्याच्या टोकावर बोट ठेवून बघितलं. बोटाला लागलं, बोट झटकलं. पुन्हा फोटो बघितला.

"मला लागत होतं, बाई," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि तो मी चढू दिला. "कर्कटकही लागलं होतं. छडीही लागायची. चारच्या चार. घरी गेल्यावर आई तेल लावायची तेव्हा हाताची मूठ मिटत नसे. आणि पेढाही मला गोडच लागला असता."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"हा खिळा मी परवाच बघितला होता. तुमची चप्पल उलटी करून बघितली आणि परत ठेवली. तेव्हाही बोलले नाही."

"का?"

"म्हटलं, तुम्हाला लागत नाही ना."

बाईंचा चेहरा उतरला. तो तसा उतरलेला बघायला मी तीस वर्षं थांबले होते आणि मी तो पोटभर बघून घेतला. मग त्यांना स्कूटरवर मागे बसवून पायाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी जखम उघडून साफ केली आणि मला म्हणाले, "वेळेत आणलंत हं." मी खिडकीबाहेर बघितलं. मागच्या खुर्चीवर बाई होत्या. परवाचं त्या डॉक्टरांना काही म्हणाल्या नाहीत.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "सांगितलास?" मी मान हलवली. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि मग पाय पुढे केला. मी टाच बघितली, बोटांच्या बेचक्या बघितल्या, आणि मधल्या खोलगट जागी बोट नेलं. बाबा खिदळले. मला तेव्हा रडू आलं, आणि मी खाली मान घालून तेल चोळत राहिले.

बाईंची जखम भरायला दोन महिने लागले. मला वाटलं, आता त्या खांद्यासाठी दुसरीकडे जातील. त्या माझ्याकडेच आल्या. म्हणाल्या, "बाकी कुणी पाय बघत नाही." मॅडमवरून आता "तू" झालं होतं. त्यांनी पेढ्यांचं खोकं आणलं होतं, अख्खं. त्यांना स्वतःला एकही चालत नाही. मी त्यांच्यासमोर खुर्चीवर बसून एक पेढा सावकाश खाल्ला, बोटं चाटली आणि म्हटलं, "गोड आहे." त्यांनी आवंढा गिळलेला मला दिसला. मी दुसरा उचलला.

माफ वगैरे मी केलेलं नाही. दर खेपेला खांद्याआधी मी त्यांना डोळे मिटायला लावते आणि तळव्यांना पिन लावून विचारते, "लागतंय?" त्या आता खोटं बोलत नाहीत. "नाही," म्हणतात. ही तपासणी गरजेचीच आहे, कुठल्याही डॉक्टरला विचारा. पण बाईंच्या तोंडून दर बुधवारी "लागत नाही" ऐकताना मला जे बरं वाटतं, ते काही गरजेचं नाही.

खांदा मात्र मी नीट सोडवत आणला. अडसराला थांबत, जरासं पुढे जात. मागच्या महिन्यात एके दिवशी मी म्हटलं, "आता माझा आधार न घेता वर न्या बघू." बाईंनी दात आवळले. हात छातीपाशी आला, खांद्याच्या वर गेला, कानाला लागला आणि थेट डोक्यावर जाऊन उभा राहिला. पंजा उघडा, मनगट मागे झुकलेलं.

माझे दोन्ही हात माझ्या पाठीमागे गेले होते. मुठी घट्ट मिटलेल्या. मी नेले नव्हते, ते आपले आपण गेले होते. आणि माझी मान खाली.

बाईंनी आधी माझा चेहरा बघितला, मग पाठीमागे गेलेले हात बघितले. आपल्याच वर गेलेल्या हाताकडे बघितलं. तो त्यांनी हळूहळू खाली आणला आणि मांडीवर, दुसऱ्या हाताखाली ठेवला.

"तुला लागत होतं गं," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं. मुठी सोडायला मला जरा वेळ लागला. "आता पुन्हा वर न्या. दहा वेळा. मी मोजतेय."